वाद कुणाशी? आधुनिक नाटकाच्या चळवळींचा तक्ता आणि आपलं मराठी नाटक

मागच्या महिन्यात विंचूरला घरी गेले होते. मावसभाऊ पेटची तयारी करतोय. त्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक तक्ता चिकटवलेला होता. चार रकाने: चळवळ किंवा शैली, काळ, पाश्चात्त्य नाटककार, मराठी उदाहरण. वास्तववाद, इब्सेन, ‘आंधळ्यांची शाळा’. एपिक थिएटर, ब्रेख्त, ‘घाशीराम कोतवाल’. अब्सर्ड, बेकेट, ‘महानिर्वाण’. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे कडेची अक्षरं उडालेली. पण हस्ताक्षर ओळखीचं वाटलं. नीट पाहिलं तर माझंच!

सेटच्या वेळी मी तो तक्ता केला होता. एका मैत्रिणीला दिला, तिने पुढे दिला, आणि फिरत फिरत तो माझ्याच घरी परत आला. भाऊ म्हणाला, "ताई, एक विचारू? आपल्याकडे जत्रेला तमाशा येतो, तो ह्यात कुठल्या रांगेत टाकायचा?" मी जेवता जेवता सांगून टाकलं, "एपिकच्या."

रात्री मात्र मला ते उत्तर टोचत राहिलं. कारण गेली तीन वर्षं माझा प्रबंध ज्या मुद्द्यावर चाललाय, तो मुद्दा हाच आहे की असं उत्तर देता येत नाही. स्वतः लिहिताना सावध राहायचं आणि धाकट्या भावाला जुनंच फेकून द्यायचं, हे काही बरोबर नाही. म्हणून ही पोस्ट. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असाच एखादा तक्ता असेल. तो फाडून टाका असं मी म्हणत नाही. त्यात एक रकाना कमी आहे, एवढंच सांगायचंय. आणि तो नसल्यामुळे बाकीचे रकाने कसे चुकतात तेही दाखवायचंय.

आधी तक्त्याची बाजू

परीक्षेला तक्ता लागतोच. कुठली चळवळ कधीची, कुणाची, हे डोक्यात पक्कं नसेल तर पुढचं काहीच बोलता येत नाही. तेव्हा झरझर उजळणी करू.

इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’ १८७९ चं. झोला आणि निसर्गवाद साधारण त्याच काळातला. १८८७ मध्ये आंद्रे आंत्वानने पॅरिसमध्ये तेआत्र लिब्र काढलं आणि खाटकाच्या दुकानाचा प्रसंग दाखवायला रंगमंचावर खरं मांस टांगलं. स्ट्रिंडबर्गचं ‘मिस ज्युली’ १८८८ चं. पुढे मेटरलिंकचा प्रतीकवाद. पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे जर्मनीतला अभिव्यक्तिवाद. १९२० च्या दशकात पिस्काटर आणि ब्रेख्तचं एपिक थिएटर. १९५३ मध्ये पॅरिसला ‘वेटिंग फॉर गोदो’चा पहिला प्रयोग. आणि १९६१ मध्ये मार्टिन एसलिनचं ‘द थिएटर ऑफ द अब्सर्ड’ हे पुस्तक.

ह्यातल्या शेवटच्या तारखेकडे जरा लक्ष द्या. बेकेट, आयोनेस्को, आदामोव्ह ह्यांनी एकत्र बसून ‘आपण अब्सर्ड नाटककार’ असं काही ठरवलं नव्हतं. नाटकं आधी झाली, नाव एका समीक्षकाने नंतर दिलं. झोला आणि आंत्वानकडे उघड जाहीरनामा होता, कार्यक्रम होता. म्हणजे तक्त्यात एकाखाली एक दिसणाऱ्या दोन रांगा एकाच जातीच्या नाहीत. एक चळवळ आहे, दुसरं नंतर लावलेलं लेबल आहे. व्हायव्हाला बसाल तेव्हा हा फरक आठवणीत असू द्या.

आता तो हरवलेला रकाना. आपल्या भाषेत ‘वाद’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि इथे दोन्ही कामाचे आहेत. वास्तववाद, निसर्गवाद, अभिव्यक्तिवाद हे विचार आहेत आणि भांडणंही आहेत. इब्सेनचं भांडण होतं ठोकळेबाज, शेवटी सगळं गोड करणाऱ्या नाटकाशी आणि त्यात सुखाने बसलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबाशी. अभिव्यक्तिवाद्यांचं भांडण होतं ह्या वास्तववादाशीच, कारण दिवाणखाना हुबेहूब उभा केला तरी माणसाच्या आतली घालमेल दिसत नव्हती. ब्रेख्तचं भांडण होतं अंधारात बसून रडणाऱ्या आणि रडून मोकळं होऊन घरी जाणाऱ्या प्रेक्षकाच्या सवयीशी. तक्त्यात ह्या प्रत्येक भांडणातला एकच पक्ष दिसतो. समोरचा पक्ष गाळलेला असतो. तो हरवलेला रकाना म्हणजे ‘वाद कुणाशी?’

युरोपच्या बाबतीत हा रकाना गाळला तरी फारसं अडत नाही, कारण पुस्तकात तो कुठेतरी सापडतोच. मराठी उदाहरणाच्या रकान्यात मात्र सगळा घोळ होतो. कारण इथे शैली आली ती समुद्र ओलांडून, आणि तिचा मूळचा शत्रू तिकडेच राहिला. इथे तिला नवा शत्रू मिळाला. तो कोण, हे विचारलं नाही तर नाटक वाचूनही वाचल्यासारखं होत नाही.

पहिली रांग: वास्तववाद

‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ केलं. श्री. वि. वर्तकांचं हे नाटक ब्यर्नसन ह्या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर आधारलेलं. (इब्सेनच्या नाही. माझ्या तक्त्यात इब्सेनच्या समोर ते लिहिलेलं होतं. इब्सेनच्या वळणाचं म्हणा हवं तर.) अनंत काणेकर, के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, केशवराव भोळे अशी मंडळी ह्या संस्थेत होती. बंदिस्त खोलीचं नेपथ्य, बोलण्यासारखे संवाद, मोजकी आणि छोटी गाणी.

आता विचारा: ह्यांचा वाद कुणाशी होता? समोर संगीत नाटक होतं. १८८० मध्ये किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’पासून सुरू झालेली ही परंपरा तोवर पन्नास वर्षांची झाली होती. रंगवलेले पडदे, वन्स मोअरवर वन्स मोअर, रात्रभर चालणारे प्रयोग, आणि स्त्रीभूमिकेत बालगंधर्वांसारखे पुरुष नट. त्यात १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि नाटक कंपन्यांच्या पायाखालची जमीन हलायला लागली.

म्हणजे इब्सेन-ब्यर्नसन ज्याच्याशी भांडत होते ते नाटक इथे प्रतिपक्ष म्हणून नव्हतंच. मुंबईच्या प्रेक्षकाला ‘खरं’ वाटण्याचा पहिला अनुभव कुठून आला असेल? संवादांइतकाच तो ह्यातून आला की स्त्रीच्या भूमिकेत स्त्री चालत आली. ज्योत्स्ना भोळे, पद्मा वर्तक. (हिराबाई बडोदेकर त्याआधीच रंगभूमीवर उतरल्या होत्या, तेव्हा ‘पहिल्यांदा’ असं लिहू नका.) लुगडं नेसलेली बाई खरोखर बाई असणं, हा इकडच्या वास्तववादाचा पहिला मुद्दा होता. नॉर्वेत हा प्रश्नच नव्हता.

आणि गाणी? ती गेली नाहीत. मो. ग. रांगणेकरांचं ‘कुलवधू’ १९४२ चं. ते ‘डॉल्स हाउस’च्या ओळीत लावलं जातं, आणि नायिका नवऱ्याच्या घराबाहेर पडते हे साम्य आहेच. पण मास्टर कृष्णरावांच्या चाली आणि ज्योत्स्नाबाईंचं गाणं हा त्या नाटकाचा जीव आहे. शीर्षकही पाहा. इब्सेन घराला नाव ठेवतो: बाहुलीचं घर. रांगणेकर बाईला तिच्या नात्याने हाक मारतात: कुलवधू. बंड आहे, पण ते कुळाच्या चौकटीत मोजलं जातंय. समीक्षक सहसा इथे म्हणतात की मराठी वास्तववाद अर्धवट राहिला, गाण्याचा मोह सुटला नाही. मला हे पटत नाही. अर्धवट तो तेव्हाच ठरतो जेव्हा नॉर्वेचं माप लावता. इथल्या भांडणाच्या मापाने पाहिलं तर हे नाटक संगीत नाटकाशी वाटाघाट करतंय: लांबी कमी केली, रात्रभराचा प्रयोग आटोपशीर केला, दिवाणखाना घेतला, गाणं ठेवलं. वाटाघाट हीसुद्धा अभ्यास करण्यासारखी गोष्ट आहे.

दुसरी रांग: एपिक, आणि माझं चुकलेलं उत्तर

इथे थोडं रेंगाळू, कारण सर्वांत जास्त सिनॉप्सिस ह्याच रांगेत अडकतात. माझाही अडकला होता. माझं पहिलं शीर्षक होतं ‘मराठी नाटकावरील ब्रेख्तचा प्रभाव’. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "प्रभाव म्हणजे काय? कुणी घेतला, कधी घेतला, कशातून घेतला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे फक्त साम्यांची यादी होती. सूत्रधार प्रेक्षकांशी बोलतो, गाणी मध्येच येतात, नेपथ्य नाही, एकच नट अनेक भूमिका करतो. म्हणून ब्रेख्त.

तमाशा बघा. गण, गवळण, बतावणी, वग. गवळणीत मावशीचं काम पुरुष करतो आणि तो पुरुष आहे हे कुणी लपवत नाही. सोंगाड्या वगाच्या मध्येच समोर बसलेल्या पाटलाला टोमणा मारतो, राजाची भूमिका करणाऱ्याला ‘तू काल कुठं होतास’ विचारतो. सगळी यादी जुळते. पण ब्रेख्तने हे सगळं कशासाठी केलं? रंगमंचावरचं खरंच घडतंय हा भ्रम मोडायला. तमाशात तो भ्रम कधी उभाच नव्हता. जी भिंत बांधलीच नाही ती पाडली कशी म्हणणार? ब्रेख्तच्या हातात ते हत्यार आहे. सोंगाड्याची ती रोजची बोलण्याची रीत आहे. तंत्र सारखं, काम वेगळं. म्हणून तमाशाला ‘एपिक’ म्हणणं म्हणजे आजोबांचा चेहरा नातवासारखा आहे म्हणण्यासारखं. त्यातही इथे नातं सिद्ध झालेलंच नाही.

उलट दिशेची एक गोष्ट मात्र सिद्ध आहे, आणि ती तक्त्यात कधी नसते. १९३५ मध्ये मॉस्कोला मेइ लानफांग ह्या चिनी नटाचं सादरीकरण ब्रेख्तने पाहिलं आणि परात्मीकरणाची कल्पना त्याने चिनी अभिनयाच्या आधाराने मांडली. आर्तोने १९३१ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात बालीचं नृत्यनाट्य पाहिलं होतं. त्याच्या नाट्यविचारात त्याचा मोठा वाटा आहे. म्हणजे ‘पाश्चात्त्य’ रकान्यातल्या दोन मोठ्या नावांच्या मागे आशियातले नट उभे आहेत. प्रभावाचा बाण एकाच दिशेने काढायची सवय आपल्याला तक्त्याने लावली.

आणखी एक तारीख वहीत लिहून ठेवा. १८५५. जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ लिहिलं आणि दक्षिणा प्राइझ कमिटीकडे दिलं. ते नाकारलं गेलं. छापून यायला १९७९ उजाडलं. गरोदर बायकोच्या काळजीपोटी जोश्याच्या नादी लागून कर्जात बुडणारा कुणबी, त्याची बायको, एक पाद्री, आणि ह्या सगळ्यावर प्रेक्षकांना उद्देशून भाष्य करणारा विदूषक. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत जायला निघतं. प्रेक्षकाने रडू नये, विचार करावा आणि घरी जाऊन काहीतरी बदलावं, हाच हेतू. ब्रेख्तचा जन्म १८९८ चा. ह्यावरून ‘फुले हे पहिले एपिक नाटककार’ असं लिहायचा मोह होतो. कृपा करून लिहू नका. ते पुन्हा तेच माप झालं. त्यापेक्षा विचारा की फुल्यांचा वाद कुणाशी होता. उत्तर नाटकातच आहे: पोथी वाचणाऱ्या जोश्याच्या अधिकाराशी. तो ज्या आवाजात बोलतो त्या आवाजाला मध्येच अडवणारा कुणीतरी हवा होता, म्हणून विदूषक.

आता ‘घाशीराम’. १६ डिसेंबर १९७२, पुणे, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, नृत्य कृष्णदेव मुळगुंद. काही प्रयोगांनंतर संस्थेतच वाद झाला, प्रयोग थांबले, आणि त्यातून १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. रंगमंचावर ब्राह्मणांची एक रांग उभी असते. तीच गाते, तीच डुलते, तीच भिंत होते, तीच पडदा होते आणि पाहिजे तेव्हा तीच काही दिसलं नाही असं दाखवत पाठ फिरवते. भजन आणि लावणी एकमेकांत मिसळतात.

हे ब्रेख्तसारखं वाटतं. पण प्रयोगात काय होतं ते बघा. ब्रेख्तला प्रेक्षक जरा लांब बसलेला, सिगार ओढत विचार करणारा हवा होता. ‘घाशीराम’ तुम्हाला लांब बसू देत नाही. ठेका पायात शिरतो. तुम्ही मजा घेता, हसता, आणि त्याच तालावर एका बापाने कोतवालीसाठी मुलगी नानाच्या हवाली केलेली असते. मजा घेतल्याची लाज नंतर वाटते. म्हणजे इथे गाणं अंतर पाडत नाही, ते आमिष आहे. ब्रेख्तच्या नेमकं उलट काम. मग वाद कुणाशी? ‘बघ्या’शी. जो रांगेत उभा राहून ताल धरतो आणि आपला हात ह्यात नाही असं मानतो. तो पुणेकरही आहे आणि तिकीट काढून बसलेले आपणही.

मग मराठीत ब्रेख्त नाहीच का? आहे की! आणि तिथे कागद सापडतो. व्यंकटेश माडगूळकरांचं ‘देवाजीने करुणा केली’, चिं. त्र्यं. खानोलकरांचं ‘अजब न्याय वर्तुळाचा’, पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ (१९७८) ही सरळ ब्रेख्तच्या नाटकांची रूपांतरं. विजया मेहतांनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ ह्यांच्याबरोबर काम केलं. इथे ‘कुणी, कधी, कशातून’ ह्या तिन्ही प्रश्नांना उत्तर आहे. तेव्हा प्रभावाचा अभ्यास करायचा तर इथे करा. बाकी ठिकाणी ‘साधर्म्य’ हा शब्द वापरा आणि पुढे लगेच फरक सांगा.

तिसरी रांग: अब्सर्ड

इथे थोडक्यात. १९६० मध्ये ‘रंगायन’ सुरू झालं आणि आयोनेस्कोचं ‘खुर्च्या’ मराठीत आलं. तेव्हा ओळख होती, हे नक्की. पण सतीश आळेकरांच्या ‘महानिर्वाण’ला (१९७४) त्या रांगेत बसवताना जरा थांबा. ‘गोदो’तली दोन माणसं कुठल्या गावची, ते कळत नाही. एक झाड, एक रस्ता, बस. ‘महानिर्वाण’मधल्या भाऊरावांना चाळ आहे, शेजारी आहेत, आणि मेल्यावरही त्यांचा हट्ट आहे की आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं. मेलेला माणूस कीर्तनकारासारखा उभा राहून आपलंच आख्यान लावतो.

बेकेटच्या जगात कुणी येत नाही, अर्थ देणारं काही उरलेलं नाही. भाऊरावांच्या जगात उलट सगळं ठासून भरलेलं आहे. विधी आहेत, अभंग आहेत, शेजाऱ्यांचे सल्ले आहेत, आणि एवढं असूनही माणसाच्या मरणाचं नीट दुःख करायला कुणाला जागा सापडत नाही. एकाकडे रिकामपण, दुसऱ्याकडे गर्दी. दोन्हीला ‘अब्सर्ड’ म्हणून मोकळं झालं की नेमका हा फरक हातातून निसटतो. आणि कीर्तन हा प्रकार तिथे सजावट म्हणून आलेला नाही. कीर्तन म्हणजे अर्थ सांगण्याची आपली जुनी रीत. आळेकरांचा वाद त्या रीतीशी आहे.

रांगेत न बसणारे

आता आमच्या तालुक्यातलं नाव. कुसुमाग्रज, म्हणजे वि. वा. शिरवाडकर, ह्यांचं बालपण निफाड तालुक्यातल्याच पिंपळगाव बसवंतला गेलं. त्यांचं ‘नटसम्राट’ २३ डिसेंबर १९७० ला धी गोवा हिंदु असोसिएशनने रंगमंचावर आणलं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, डॉ. श्रीराम लागूंचे अप्पासाहेब बेलवलकर. मराठीतल्या सगळ्यांत गाजलेल्या नाटकांपैकी एक. माझ्या तक्त्यात ते नव्हतं! कुठल्याच रांगेत बसेना, म्हणून मी ते सोडून दिलं होतं. फार तर ‘किंग लिअर’ची छाया, एवढी नोंद.

पण आपल्या नव्या रकान्यातून बघा. बेलवलकर हा जुन्या पल्लेदार भाषेतला, शेक्सपिअरचे नायक जगलेला नट. निवृत्त होऊन तो येतो कुठे? मुलाच्या आणि मुलीच्या दिवाणखान्यात. म्हणजे नेमका वास्तववादी नाटकाचा सेट! त्या घरात हळू बोलायचं असतं, नातीला शिव्या शिकवायच्या नसतात, पाहुण्यांसमोर नीट वागायचं असतं. बेलवलकरांचा आवाज त्या खोलीत मावत नाही. सून-मुलगा-मुलगी ह्यांच्याशी होणारा संघर्ष हा दोन पिढ्यांचा आहेच, पण तो दोन नाट्यशैलींचाही आहे. स्वगतं तिथे उपरी वाटतात अशी तक्रार केली जाते. उपरी आहेतच, बेलवलकरांना घरात जागा नाही तशी स्वगतालाही नाही. नाटकाचा विषयच तो आहे. तक्ता ‘हे शैलीत बसत नाही’ म्हणून ज्याला बाहेर काढतो, ते नाटक शैलींच्या भांडणाचीच गोष्ट सांगत होतं.

दुसरं उदाहरण महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’, १९८५. तक्त्याचा बाण वास्तववादाकडून एपिककडे, तिथून अब्सर्डकडे जातो. मग अब्सर्ड होऊन गेल्यावर, विजया मेहतांच्याच दिग्दर्शनाखाली, हा वास्तववाद परत कुठून आला? एलकुंचवार मागे गेले का? नाही. १९३३ चा वास्तववाद संगीत नाटकाशी बोलत होता. १९८५ चा वास्तववाद पडणाऱ्या वाड्याच्या गतीने, अंगणात गंजत उभ्या असलेल्या ट्रॅक्टरच्या गतीने बोलतोय. त्याच्या आधीच्या दोन दशकांत प्रायोगिक नाटक फार चपळ झालं होतं. इथे ते मुद्दाम संथ केलंय. नाव एकच, प्रतिपक्ष वेगळा. तेव्हा ‘वास्तववाद’ ह्या शब्दापुढे साल लिहिल्याशिवाय वापरू नका, हा माझा स्वतःसाठीचा नियम आहे.

तक्त्याच्या बाहेर काय राहिलं

ही सगळी दुरुस्ती अजून तक्त्यातल्या नावांचीच झाली. सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळी आहे, आणि ती लक्षात यायला मला प्रबंधाची दोन वर्षं लागली.

विंचूरहून येवला जवळच. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती तिथे. त्याआधी २ मार्च १९३० ला नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. ह्याच दशकात, ह्याच जिल्ह्यात, भीमराव कर्डक आणि नाशिक जिल्हा युवक संघाचा जलसा गावोगाव फिरत होता. सांगाडा तमाशाचा, पण देवस्तुती आणि शृंगाराच्या जागी शिक्षण, व्यसनं, पाणवठा, मंदिरप्रवेश, हक्क. त्याच्याही आधी सत्यशोधकी जलसे होते. पुढे १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर ह्यांचं लाल बावटा कलापथक आलं.

पिस्काटर बर्लिनमध्ये कामगारांसाठी राजकीय रिव्ह्यू करत होता, साधारण त्या काळाच्या आसपास इथे हे चाललं होतं. पिस्काटर प्रत्येक तक्त्यात आहे. कर्डक माझ्या तक्त्यात नव्हते. का? कारण मी डावीकडून सुरुवात केली होती. आधी युरोपची शैली लिहायची, मग तिला शोभेल असं मराठी नाटक शोधायचं. ज्या मराठी प्रयोगाला डावीकडे जोडीदार नाही, तो आपोआप गळतो. आणि गळतं कोण? छापील संहिता नसलेले, नाट्यगृहात न झालेले, शहराबाहेरचे. हे गळणं योगायोगाचं नाही. ‘तृतीय रत्न’ला छापून यायला सव्वाशे वर्षं लागली, तीच गोष्ट ही.

कर्डकांनी स्वतः ‘आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून ठेवलंय (१९७८). तेव्हा साधनच नाही असंही म्हणता येत नाही. मी वाचलं नव्हतं, इतकंच.

मग सिनॉप्सिसमध्ये काय करायचं?

माझ्या चुकांवरून चार गोष्टी:

१. उजवीकडून सुरुवात करा. आधी प्रयोग किंवा नाटक घ्या, त्याने काय मोडलं आणि काय ठेवलं ते लिहा. शैलीचं नाव शेवटी, गरज पडली तरच.

२. ‘प्रभाव’, ‘साधर्म्य’ आणि ‘रूपांतर’ हे तीन शब्द वेगळे ठेवा. प्रभावाला कागद लागतो: अनुवाद, पत्र, मुलाखत, जाहिरात, प्रयोगाची नोंद. तो नसेल तर साधर्म्य म्हणा. त्यात कमीपणा काही नाही.

३. संहितेवर थांबू नका. कुठल्या सभागृहात झालं, तिकीट होतं का, किती वाजता संपायचं, बायका बघायला येत होत्या का, हे विचारा. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या हॉलमध्ये प्रायोगिक नाटकं झाली. त्यांच्या मोजक्या नेपथ्याला ग्रोटोव्हस्कीच्या ‘पुअर थिएटर’शी जोडण्याआधी एवढं लक्षात घ्या की तो शाळेचा हॉल होता आणि प्रयोग झाला की रिकामा करून द्यायचा होता.

४. तुमच्या सिद्धांताला न जुळणारं एक तरी नाटक मुद्दाम घ्या. माझ्यासाठी ते ‘नटसम्राट’ ठरलं.

ह्या बाजूलाही धोका आहे, तोही सांगते. ‘सगळं आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणत सुटलं की तेही तितकंच चुकतं. तेंडुलकर, आळेकर, एलकुंचवार, विजया मेहता ही जगाचं नाटक वाचलेली, पाहिलेली माणसं. त्यांनी बाहेरून घेतलं नाही असं दाखवायचा आटापिटा करू नका. त्यांनी घेतलेल्या गोष्टीला इथे कुठलं काम लावलं, ते शोधा.

निघायच्या दिवशी भावाने तक्त्यावर पेन्सिलीने पाचवा रकाना आखून घेतला: ‘वाद कुणाशी?’ मग म्हणाला, "पण ताई, पेपरात आलं तर काय लिहू?" मी म्हटलं, चार पर्यायांतून निवडायचं असेल तर एपिक आणि ब्रेख्त ह्यावर बिनधास्त खूण कर, मार्क घालवू नकोस. पण पेट निघाली आणि आराखडा लिहायला बसलास की हा पाचवा रकाना आधी भर.

खाली त्याने एक रिकामी रांगही सोडलीय. मराठी उदाहरणाच्या जागी ‘जलसा, नाशिक जिल्हा’ लिहिलंय, बाकी सगळं कोरं. निफाड, येवला, चांदवड, सिन्नरकडचं तुमच्यापैकी कुणी असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून बघा, जलसा पाहिल्याचं आठवतं का. कोण गायचं, कुठे उभे राहायचे, लोक कधी हसायचे. उत्तरं लिहून ठेवा, तारीख टाका. ती रांग पुस्तकातून पूर्ण भरणार नाही.